वानखेडेकाकू घर दाखवतात

कोणत्याही घरात शिरलं की वानखेडेकाकू आधी पर्समधून एक गोटी काढतात. निळी, काचेची, लहानपणी आपण खेळायचो तसली. हॉलच्या मधोमध वाकून ती लाकडी फरशीवर ठेवतात आणि दोन पावलं मागं सरकून हाताची घडी घालून उभ्या राहतात. गोटी जागेवर थांबली तर ठीक. गडगडत भिंतीकडं निघाली तर काकू आमच्याकडं वळून शांतपणे सांगतात, "घर चालून राहिलं आहे. आपण पण चला."

टेक्सासच्या या भागातली माती चिकण. उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते, आणि वरचं घर बिचारं एखाद्या कोपऱ्यात कलतं. ते तपासायला इंजिनिअर येतात, यंत्रं लावतात, जाड अहवाल देतात. काकूंचं गोटीवर भागतं. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. त्या घराला मालकानं ताजा रंग दिला होता, दारात फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या, घरात छान वास यावा म्हणून ओव्हनमध्ये बिस्किटंसुद्धा भाजून ठेवली होती. गोटी मात्र कुणाकडं न बघता सरळ फ्रिजखाली गेली. काकूंनी अंगातल्या कोटासकट जमिनीवर पालथं पडून ती झाडूच्या दांड्यानं बाहेर काढली, पदर नव्हता म्हणून बाहीला पुसली आणि पर्समध्ये टाकली. त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं.

काकू घरं विकणाऱ्या एजंट आहेत. वय साठीच्या आसपास, मूळच्या नागपूरच्या. अंगात काळा कोट, कपाळावर टिकली, पायात पांढरे पळायचे बूट. ऑफिस अर्विंग या शहरात, एका देशी किराणा दुकानाला लागून असलेल्या गाळ्यात. आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी काकूंबरोबर घरं पाहिली आणि दुसऱ्या एजंटकडून घेतली. कारण उघड होतं. दुसरे एजंट म्हणतात, बघा काय सुंदर सूर्यप्रकाश येतो! काकू म्हणतात, "पश्चिमेची खिडकी आहे. मे महिन्यात इथं बसाल तर भाजून निघाल." दुसरे म्हणतात, किती शांत गल्ली! काकू म्हणतात, "आज रविवार आहे. सोमवारी सकाळी या, मग शांतता सांगा मला."

असं केल्यावर धंदा कसा चालतो, हे मी एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "चालते थोडाबहुत. ज्याला घर विकते तो मला दिवाळीत फराळ आणून देते, शिव्या नाही देत. बस झालं न?" राहता कुठं, हेही विचारलं. "गाडीतच राहून राहिली मी," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. गाडी कायम धुळीनं माखलेली असायची, त्यामुळं मला ते खरंही वाटलं.

आम्ही त्यांच्याकडं गेलो ते गरजेपोटी. आम्ही राहत होतो त्या भाड्याच्या घराचा मालक ते विकायला काढणार होता आणि जूनअखेर आम्हाला बाहेर पडायचं होतं. अर्विंग आणि प्लेनो या महागड्या शहरांतली घरं आम्ही फक्त बाहेरून बघायची, अशी परिस्थिती. परवडायचं ते लांब, लांब, आणखी लांब. मला आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जावं लागतं, पण माझ्या बायकोचं, अश्विनीचं, सगळं काम घरातूनच. तिची अट एकच होती आणि ती तिनं पहिल्या दिवशीच सांगितली. "घर लहान चालेल, जुनं चालेल, लांबही चालेल. पण आजूबाजूला चार आपली माणसं पाहिजेत. तू गाडी काढून निघून जाशील. मी दिवसभर बोलू कुणाशी, भिंतींशी?"

म्हणून पहिल्याच घरासमोर तिनं काकूंना तो प्रश्न विचारला, जो आपल्यातला प्रत्येक जण विचारतो. "काकू, इथं आपले लोक किती आहेत?"

काकू ओठ घट्ट मिटून समोरच्या झाडाकडं बघायला लागल्या. मला वाटलं बाईंना चक्कर आली की काय! मग म्हणाल्या, "हे मी सांगू शकत नाही. कायदा आहे."

कायदा खरंच आहे. एजंटनं गिऱ्हाइकाला 'इथं अमक्या देशाचे, तमक्या धर्माचे लोक राहतात' असं सांगून वळवायचं नाही. एके काळी इथं नेमकं हेच सांगून माणसांना वस्तीबाहेर ठेवलं जायचं, तेव्हा कायदा चांगलाच आहे. पण काकूंनी तो जरा जास्तच मनावर घेतला होता. शेजारी कुत्रा आहे का, एवढं विचारलं तरी त्या आधी मनाशी तपासून बघायच्या, की यातून कुत्र्याच्या मालकाचा देश तर कळत नाही ना!

मी आडून आडून प्रयत्न केले. "काकू, जवळपास कढीपत्ता कुठं मिळतो?"

"अजी, मागच्या दारानं येऊन राहिले तुम्ही!"

"बरं, संध्याकाळी मैदानावर क्रिकेट वगैरे खेळतात का?"

"मैदान आहे. खेळ तुम्ही जाऊन पाहा."

फारच हट्ट धरला तर त्या जनगणनेच्या सरकारी माहितीचा छापील कागद काढायच्या. गावातली माणसं किती वयाची, मालक किती, भाडेकरू किती, कामाला जायला किती वेळ लागतो, कोण कुठून आलेलं, सगळं त्यात असायचं. तो कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवायचा, वर आपला चष्म्याचा डबा ठेवायचा, आणि स्वतः वीस पावलं लांब जाऊन उभं राहायचं. "वाचा. मी इथं नाही आहे."

मार्चच्या सुरुवातीला मला एक जाहिरात दिसली. गावाचं खरं नाव सांगत नाही, नाहीतर तिथलेही भाव वाढतील. आपण त्याला ड्राय क्रीक म्हणू. अर्विंगपासून पश्चिमेला दीड तास. विटांचं घर, तीन खोल्या, मागं अक्रोडासारखी फळं देणारं पिकानचं मोठं झाड, आणि आम्हाला परवडेल असा भाव. काकूंना फोन केला तर त्यांनी पत्ता दोनदा विचारून घेतला.

"हे तुम्ही शोधलं न? मी नाही सांगितलं न?"

"मीच शोधलं. का?"

"ईमेल करून ठेवा मला तसं. घर आम्हीच शोधलं, एजंटनं सुचवलं नाही."

या बाईला एखाद्या दिवशी वेड लागणार, असं म्हणत मी ईमेल केला.

ड्राय क्रीकमध्ये एक पाण्याची टाकी, एक शाळा, एक मालगाडीचा रूळ, एक पेट्रोल पंप आणि भरपूर वारा आहे. गोटी जागची हलली नाही. मी खूश झालो, पण काकूंनी त्या दिवशी दोषांचा पाढा असा वाचला की जणू घरानं त्यांचं घोडं मारलं होतं. वारा फार. धूळ फार. गारा पडल्या की छत गेलं. मोठं हॉस्पिटल लांब. मालगाडी पहाटे भोंगा वाजवत जाते. "आणि पाणी इतकं जड आहे की तुरीची डाळ चार शिट्ट्यांत शिजत नाही, सहा लागतात," एवढं म्हणून त्या थबकल्या.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक सांगतात," म्हणाल्या आणि नळ तपासायला गेल्या.

मग कागद बॉनेटवर आला. गावातली माणसं बहुतेक म्हातारी. घरं जुनी, पण बहुतेकांची स्वतःची. नवीन येणारं फारसं कुणी नाही. 'आशियाई' या रकान्यात जे होतं ते बघून अश्विनी म्हणाली, "हा आकडा आहे की छपाईतला डाग?"

"म्हणजे कुणीतरी आहे!" मी म्हणालो. मला त्या डागाचं भलतंच कुतूहल लागलं. कोण असेल? फिलिपिन्सची नर्स असेल, मोटेलवाले पटेल असतील, की चुकून तिथं उतरलेला एखादा नागपूरचा इंजिनिअर? मी काकूंकडं बघितलं. त्या वीस पावलांवर पाठ करून उभ्या होत्या.

ते घर आम्ही तीनदा पाहिलं. प्रत्येक वेळी मला जास्त आवडलं आणि प्रत्येक वेळी अश्विनी गप्प गप्प होत गेली. तिसऱ्या खेपेला ती मागच्या अंगणात उभं राहून दोन्ही बाजूंना बराच वेळ बघत राहिली. कुठं दार वाजलं नाही, की कुणी बोललं नाही. शेवटी म्हणाली, "काकू, घर चांगलं आहे. पण मला नाही जमणार इथं. मी एकटी पडेन."

"बरं," काकू म्हणाल्या. एवढंच. समजावणं नाही, की आणखी एकदा विचार करा नाही. दार लावून घेतलं, किल्ली एजंटांसाठी दाराला लावलेल्या पेटीत ठेवली, आमच्याशी हात मिळवला. "बरोबर करून राहिली तू, बाई," असंही म्हणाल्या. मला रागच आला. असली कसली एजंट!

परतीच्या वाटेवर कॉफीसाठी पेट्रोल पंपावर थांबलो. तिथंच किराणाही मिळतो. गल्ल्यावरच्या आजीबाईंनी अश्विनीकडं निरखून पाहिलं आणि तोंड भरून हसल्या. "तुम्हीच का मिसेस डब्ल्यूची माणसं? सकाळी ताक घ्यायला आली होती. आज माझी माणसं येणार, आज माझी माणसं येणार, तीनदा सांगून गेली."

"कोण मिसेस डब्ल्यू?"

"आमच्या डॉक्टरांची बायको! पिवळ्या दाराचं घर. तुम्ही आत्ता जे बघून आलात, त्याच गल्लीत."

मला डाळीच्या सहा शिट्ट्या आठवल्या. त्या पिवळ्या दारावरून गल्ली बघताना काकूंबरोबर आम्ही तीनदा चालत गेलो होतो, आणि काकूंनी तिकडं मानसुद्धा वळवली नव्हती. अश्विनीनं कॉफी तिथंच ठेवली. "गाडी वळव," म्हणाली.

काकूंनी दार उघडलं तेव्हा त्या गाऊनवर होत्या, हातात पळी. आम्हाला बघून दचकल्याच. "बापा! काही विसरलं काय तिथं?"

"एक प्रश्न राहिला," अश्विनी म्हणाली. "आम्ही घराला नाही म्हणालो. म्हणजे आता तुम्ही आमच्या एजंट नाही ना?"

"कागदावर आहे अजून."

अश्विनीनं तिथंच उंबऱ्यात उभं राहून फोन काढला आणि 'आजपासून तुम्ही आमच्या एजंट नाही' असा ईमेल लिहिला. आत काकूंचा फोन वाजला. त्या आत गेल्या, चष्मा लावून सगळा ईमेल नीट वाचला आणि परत दारात आल्या. "आता विचार."

"इथं आपले लोक किती आहेत?"

"एक," काकू म्हणाल्या. "डॉक्टर होते तोवर दोन होते."

आत टेबलावर तीन ताटं मांडलेली होती. गोळाभात केला होता, पाटवडीचा रस्सा, ताकाची कढी. डॉक्टर वानखेडे इथल्या दवाखान्यात अख्खं आयुष्य होते, गावातल्या अर्ध्या पोट्ट्यांना त्यांनीच सुया टोचलेल्या. मुलगा लांब दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला असतो, चांगला आहे, रोज फोन करतो, इकडं ये म्हणतो. "पण इथं रस्त्यानं चालली तर लोकं डॉक्टरांची आठवण काढतात. तिथं कोण काढेल? म्हणून राहून राहिली."

"तिन्ही वेळा केला होता स्वयंपाक?" मी विचारलं.

"तिन्ही वेळा. हो म्हणाले तर बोलावीन म्हणून. मग दोन दोन दिवस मीच खाल्ला."

"अहो, मग एका शब्दानं बोलायचं होतंत, काकू!" अश्विनीचा आवाज चढला. "मी एवढं एकटी, एकटी म्हणत होते, आणि तुम्ही तोंड शिवून बसलात!"

"कशी बोलू?" काकूही चढ्या आवाजात म्हणाल्या. "मले शेजार पाहिजे म्हणून तुमच्या गळ्यात घर मारू? जेवू घालून घर विकू? उद्या धूळ, वारा, गारा, सारं तुम्हालेच न! घर घरासाठी घ्या. माझ्यासाठी नाही."

आम्ही जेवायला बसलो. दुसऱ्यांदा भात वाढून घेताना अश्विनी म्हणाली, "मला चार माणसं लागत नव्हती हो. दुपारी चहाला एक माणूस पुरतं. आम्ही घेतो ते घर."

काकूंनी पळी खाली ठेवली. "गोळाभात खाऊन घर घेऊन राहिली काय? हात धुवा, घरी जा, आठवडाभर विचार करा."

"तीन आठवडे तोच विचार करतेय मी."

"मग दुसरा एजंट पाहा. मी नाही."

"काहीतरीच काय! कमिशन तुमचं आहे," मी म्हणालो.

"ते राहू द्या. कमिशन घेऊन शेजारीण आणू काय? दोन्हीतलं एकच भेटेल मले." त्यांनी लगेच एका एजंटचं नाव लिहून दिलं, आणि तो छताचा अहवाल नीट वाचत नाही तेव्हा तो तुम्हीच वाचा, असं खाली दोन रेघा मारून लिहिलं. मग ताटं उचलली, आत नेऊन ठेवली आणि रिकाम्या हातानं पुन्हा बाहेर येऊन अश्विनीसमोर उभ्या राहिल्या.

"पण कधी येऊन राहिले?"

"जूनमध्ये," अश्विनी म्हणाली.

काकूंनी बोटांवर महिने मोजले. "बापा, तीन महिने!" म्हणाल्या, आणि खुर्चीत बसून ढसाढसा रडायला लागल्या.