केळ्यांचा एकांत

माणसाला एकांत लागतो, हे जगन्मान्य आहे. फक्त माणूस कुणाला म्हणायचं, हे ज्याच्या त्याच्या घरात ठरतं. गिरीज गावचे केळी बागायतदार सॅन्टन यांच्या घरी, त्यांची पंधरा वर्षांची मुलगी एलिसा अजून त्या व्याख्येत बसत नव्हती.

तिची मागणी एकच होती: आपल्या खोलीच्या दाराला आतून कडी. घरच्यांनी मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार केला (म्हणजे जेवताना हसले) आणि दार लावून घ्यायला रीतसर परवानगी दिली. अट एवढीच, की ते उघडं असावं.

"आमच्यापासून काय लपवायचंय गो तुला?" आई बर्था म्हणाली.

तेव्हापासून बर्था कपडे ठेवायला येई, भाऊ कॅल्विन चार्जर शोधायला आणि फ्लॉसी आत्या सहज. त्या खोलीत येणाऱ्यांपैकी नव्वद टक्के लोक सहजच येत. उरलेले दहा टक्के, आत्या आत काय करतेय ते बघायला.

एलिसाला लपवायचं काहीच नव्हतं. तिला रडायचं होतं. का, ते तिलाही धड ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ते चारचौघांत जमत नव्हतं. (बाथरूमला कडी होती, पण बाहेर कायम कुणीतरी टॉवेल घेऊन उभं असे.)

मागीलदारी केळी पिकवायची खोली होती. सणासाठी काढलेले घड तिथं गवताखाली झाकून ठेवलेले. त्या खोलीचे नियम कडक होते. दार सारखं उघडायचं नाही, आत डोकावायचं नाही.

"कच्च्या मालाला सारखा हात लावून चालत नाही," सॅन्टन सगळ्यांना बजावत. "पिकेपर्यंत त्याला त्याचं सोडायचं."

एका दुपारी एलिसा त्या खोलीत शिरली आणि तिनं आतून कडी घातली.

बर्था धावत आली, दारावर थापा मारू लागली. सॅन्टननी तिचा हात धरला. "हळू! सणाची केळी आहेत आत."

"आणि पोरगी?"

"ती येईल बाहेर. दार नको उघडायला लावू."

मग सगळं घर दबक्या पावलांनी वावरलं. आत्यासुद्धा फिरकली नाही. एलिसा आयुष्यात पहिल्यांदा पोटभर रडली. संध्याकाळी डोळे सुजवून, हलकी होऊन ती बाहेर आली, तेव्हा सॅन्टन तिला ओलांडून आत गेले आणि एक केळं दाबून पाहिलं.

"माल शाबूत आहे," ते म्हणाले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

घडल्या प्रकाराची घरानं तातडीनं दखल घेतली. त्याच संध्याकाळी सुताराला बोलावून नवी कोरी कडी आणि वर कुलूप बसवण्यात आलं. केळ्यांच्या खोलीला, बाहेरून.

वाचकांनी सॅन्टनना खुशाल हसावं. आपण सुशिक्षित माणसं, मुलांच्या खोलीत टकटक केल्याशिवाय पाऊल टाकत नाही. तेवढं फक्त सांगा: काल पोरीचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, त्यावर कुणाचा मेसेज आला, हे आपल्याला कसं ठाऊक?