गफूरभाईच्या पलंगावरचा ड्रम

त्या दुष्काळात सगळं मुखेड पाणी लागत नाही म्हणून घाबरलेलं, आणि माझा शेजारी गफूरभाई ते लागेल म्हणून.

त्याचा इंटरनेटचा धंदा. त्याची फायबर केबल जमिनीखालून गेलेली, त्यामुळं कुणी बोअरचं नाव काढलं की हा केबल तुटेल म्हणून धावत यायचा. जमिनीतलं पाणी शोधणारा पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन निघाला की हा चपला फटफटत मागं. जिथं नारळ उभा राहील तिथं खोदायचं. केबलजवळ आला की हा पाणाड्याला चहा पाजून विनवायचा, "मामू, जरा तिकडं सरका की."

रोज दात घासायच्या आधी हैदराबादच्या व्यापाऱ्याला फोन. फायबरचा भाव चढला की घाबरायचा, उतरला की जास्तच. "उतरला म्हंजे माल खराब येऊन राहिला!" त्या उन्हाळ्यात मात्र भाव चढतच गेला. मोठ्या कंपन्यांनी कारखान्यातला माल आधीच उचललेला. छोट्याला कोण विचारतो? त्यात नवा जिल्हा होणार अशी हूल उठली. म्हणजे कचेऱ्या येणार, केबल आणखी महाग. गफूरभाईकडं केबल गुंडाळलेला एकच ड्रम उरलेला. उंदरं कुरतडतील म्हणून तो पलंगावर, आणि हा खाली सतरंजीवर. दुप्पट भाव आला तरी विकेना. जिल्हा होईस्तोवर अंडं उबवून राहिला, असं आम्ही म्हणायचो.

मग वस्तीच्या बोअरसाठी जागा बघताना नारळ उभा राहिला तो शांताबाई कांबळेच्या दारात, नेमका केबलवर. तिचं घर पार टोकाला, तिथं मोबाइलला रेंज नाही. पोरगा कामाला पुण्याला गेलेला, संध्याकाळी या केबलमुळंच त्याचं तोंड दिसायचं. म्हातारीनं तिथंच बसकण मारली. पाणी नगं मला, म्हणाली. टँकर चार दिवस फिरकला नव्हता, लोक चिडले. आता गफूरभाईही तिच्याशेजारी बसतो की काय, म्हणून मी त्याला अडवायला पुढं झालो.

तो घरी गेला आणि हातगाड्यावर ड्रम घालून आला. लांबून वळसा घालून तिच्या घरापर्यंत नवी केबल टाकली. ड्रम रिकामा झाला.

मी वैतागलो. "एका गिऱ्हाइकासाठी? उद्या बाजारातली लाइन तुटली तर काय घालणार?"

"भ्याव तर हायेच, गुरुजी." तो रिकामा ड्रम हातगाड्यावर चढवत म्हणाला. "माझा सलीम दुबईला गेल्यापासून बोलत न्हाई. घरात लाइन हाय, पोरगं न्हाई. हिचं बोलून राहिलं, ते कसं तोडू?"

संध्याकाळी बोअरचा धुरळा उडत होता. सगळे तिकडं बघत होते. गफूरभाई शांताबाईच्या दाराबाहेर उभा होता. आतून "आई, जेवलीस का?" ऐकू आलं, तेव्हा कुठं तो घरी गेला.