टाइमकीपर मुरलीअप्पा

घरी आलेला पाहुणा उठून गेला की मुरलीअप्पा खिशातलं स्टॉपवॉच दाबायचे आणि बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, सांगायचे, "पस्तीस मिनिटं बारा सेकंद. चहा घेऊन बाद." चहा दिल्यावरही जो हलत नाही तो त्यांच्या लेखी नाबाद. एका लग्नात मंगलाष्टकं किती लांबली ते त्यांनी सेकंदासकट वधूपित्याला ऐकवलं होतं. तेव्हापासून भावकीत त्यांना पत्रिका यायची, पण पुढच्या खुर्चीवर कुणी बसवत नसे.

पोटापाण्यासाठी अप्पा भूमच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, पण जीव सगळा खो-खोत. तालुक्यात कुठंही सामना असो, वेळ आणि नोंद दोन्ही त्यांच्याकडं. मी हायस्कुलात पीटी शिकवायचो आणि सामन्यात पंच असायचो. मी शिट्टी मारली की अप्पा घड्याळ बघून स्कोअरशीटवर लिहिणार: गड्याचा नंबर, मिनिटं, सेकंद. कुणी हुज्जत घातली तर म्हणायचे, "घड्याळाला गाव नसतंय."

त्या वर्षी दुष्काळ होता. आमच्या संघातली वत्सला, भीमनगरातली, दिवसभर रोजगार हमीच्या तलावावर माती वाहायची आणि संध्याकाळी मैदानावर यायची. जिल्ह्याच्या शिबिरासाठी मुली निवडायच्या होत्या. तिथं महिनाभर खेळ, दोन वेळचं जेवण आणि दूध. वत्सला उमरग्याच्या मुलींसमोर पाच मिनिटं चाळीस सेकंद पळाली होती, तेव्हा निवड पक्कीच होती. फक्त त्या सामन्याचं मूळ स्कोअरशीट पाठवायचं होतं.

आणि काकूंनी सणाची आवराआवर करताना अप्पांचा स्कोअरशीटचा सगळा गठ्ठा रद्दीत घातला होता.

मी म्हटलं, आकडे तुम्हाला पाठ आहेत, नवीन शीट लिहा, मी सही करतो. अप्पा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी चोरी करायला सांगितली. "पाठ तर कुनीबी करंल सर," ते म्हणाले. "नोंद ती नोंद."

रद्दी आठवडी बाजारातल्या भजेवाल्यांनी वाटून घेतली होती. गठ्ठा द्या म्हटलं तर मग गिऱ्हाइकाला भजी हातावर द्यायची का, असं ते विचारायचे. मग अप्पांनी प्रत्येक गाड्यावर भजी खायला सुरुवात केली. एक प्लेट संपवायची, कागद बघायचा, पुढचा गाडा. अप्पांना पित्ताचा त्रास, त्यामुळं निम्मी भजी माझ्या वाट्याला आली. बेंबळीचा सामना सापडला, तीन वर्षांपूर्वीची फायनल सापडली, वत्सला काही सापडेना. शेवटी ती एका शेतकऱ्याच्या हातात दिसली. अप्पा त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "सावकाश खावा पावनं, पन कागुद फाडू नका." बिचाऱ्याला पुढचा घास गिळवेना.

तेलानं तो कागद आरपार दिसत होता, पण आकडे आणि माझी सही जागेवर होती. आम्ही तो तसाच पाठवला आणि निवड झाली.

जायच्या आदल्या दिवशी वत्सला मैदानावर आली आणि अप्पांच्या पाया पडली. "तुमच्यामुळं माझा खेळ लोकास्नी कळला अप्पा."

अप्पांनी मान खाली घातली. अंगात ताप असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"तुला खोटं न्हाय सांगत पोरी. म्या तुझा खेळ बघितलाच न्हाय. कुनाचाच न्हाय. इतकी वर्सं झाली, नजर घड्याळावर न्हायतर कागदावर."

अप्पांनी स्टॉपवॉच काढून माझ्या हातात दिलं. "धरा सर. दाबू नका." मग तिला म्हणाले, "एकदा पळून दाखीव."

रिकाम्या मैदानावर ती एकटी पळाली. नसलेल्या गड्यांना हुलकावण्या देत, खांबाला वळसे घेत, मध्येच पाय रोवून उलटी फिरत. तिच्याबरोबर अप्पांची मान फिरत होती. डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

ती धापा टाकत समोर येऊन थांबली. अप्पांनी बाहीनं डोळे पुसले. मग लाजत विचारलं, "आनखी एकदा पळतीस का गं?"