कुसाबाईंच्या नावावर केरूनानांचं दुखणं

बसायचं म्हटलं की केरूनानांच्या अंगावर काटा यायचा, आणि हे गावात कुणालाही कळता कामा नव्हतं. मूळव्याधच ती, दुसरं काय! पण नाना तिचं नावसुद्धा घेत नसत, नुसतं "तिकडलं" म्हणत. त्याला कारणही तसंच होतं. मागच्या उन्हाळ्यात गावातल्या योगेशला हाच त्रास झाला, तेव्हा भर पारावर त्याच्यासाठी मऊ उशी नेऊन ठेवणारे नानाच होते. अख्खा पार खो खो हसला होता. आता नाना पारावर उभ्यानंच गप्पा मारत होते आणि योगेश फार मायेनं त्यांना म्हणत होता, "टेका की नाना जरा."

कळवणला दवाखान्यात जावं तर एसटीत बसावं लागणार. मोटरसायकलचा तर विचारसुद्धा नको. राहिलं गावातलं उपकेंद्र. तिथल्या तेजस्विनी मॅडम नाशिकच्या डॉक्टरांना व्हिडिओवर बोलवायच्या. पेशंटनं स्क्रीनसमोर बसून दुखणं सांगायचं, डॉक्टरांनी तिकडून औषध सांगायचं आणि मॅडमनी कपाटातून काढून द्यायचं. सोय झकास होती. पण नाशिकची डॉक्टर निघाली बाई, तीही नानांच्या लेकीच्या वयाची. शिवाय दाराबाहेरच्या बाकावर साळूबाई कायम ठाण मांडून असायची, आणि तिच्या कानात पडलेली गोष्ट चुलीवरचा भात शिजायच्या आत वेशीपर्यंत पोचायची.

मग नानांनी डोकं चालवलं. बायकोनं, म्हणजे कुसाबाईंनी जायचं, दुखणं आपलंच म्हणून सांगायचं आणि औषध घेऊन यायचं. मलमाला काय कळतंय ते कुणाला लागतंय!

"आन माझी आब्रू?" कुसाबाईंनी विचारलं.

"बायामान्सांचं कोन काय बोलतंय?" नाना म्हणाले.

या वाक्याची त्यांना पुढं फार लाज वाटायची होती, पण तेव्हा ते स्वतःच्या हुशारीवर खूश होते. कुसाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि निघाल्या. त्या काही विसरल्या तर म्हणून नानाही मागोमाग गेले आणि स्क्रीनमध्ये दिसणार नाही अशा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

कुसाबाईंनी तर कमालच केली. नाना दिवसभर घरात जे जे विव्हळत होते, ते सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बसताना कसं वाटतं, असं डॉक्टरनं विचारलं तेव्हा त्यांनी नानांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं, "निखाऱ्यावर बसल्यागत." रक्त जातं का? नानांनी मान हलवली. "जातं," कुसाबाई म्हणाल्या. किती जातं? नानांनी घाईघाईनं पंजा हलवला, म्हणजे काही विशेष नाही. कुसाबाईंनी तो पंजा नीट निरखला आणि म्हणाल्या, "वंजळभर."

डॉक्टर खुर्चीत ताठ झाली. तिनं तेजस्विनी मॅडमना कुसाबाईंच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघायला लावल्या. आतली लाली कुठं दिसेचना, सगळं कापसासारखं पांढरं. मग बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा.

खोटं बोलणाऱ्याला इतका भक्कम पुरावा आजवर कुणी दिला नसेल! एवढं रक्त गेल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणत डॉक्टरनं कळवणला आजच्या आज भरती व्हायला सांगितलं. रक्त चढवायचं, दुर्बीण घालून बघायचं, वेळ पडली तर ऑपरेशन. मॅडमनी अँब्युलन्सला फोनही लावला. तोवर साळूबाईनं आपलं काम चोख बजावलं होतं. दारात माणसं जमली, त्यांत योगेशही होता.

नानांना वाटलं, कुसाबाई आता तरी खरं सांगतील. पण कुसाबाईंनी फक्त एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि निमूटपणे उठल्या. नानांचं "तिकडलं" गुपित सांभाळायला ही बाई ऑपरेशनसुद्धा करून घ्यायला निघाली होती.

"डाक्टर," नाना कोपऱ्यातून म्हणाले, आणि त्यांचा भजनातला आवाज थेट दारापर्यंत गेला. "मूळव्याध तिला नाय. मला हाय."

साळूबाईचा आ वासला तो मिटेचना. तेजस्विनी मॅडमनी ओठ घट्ट दाबून धरले. नानांना वाटलं, गेली ती अब्रू गेली, पण निदान अँब्युलन्स तरी परत जाईल. डॉक्टर मात्र हसलीही नाही. तिनं विचारलं, "मग मावशींचं रक्त गेलं कुठं?"

डॉक्टरनं नानांचंही रक्त तपासायला लावलं. ते निघालं तेरा.

"बाबा, रक्त तुमचं जातंय आणि ते तेरा आहे. यांचं जात नाही म्हणता, आणि ते सहा. घरात शेवटी कोण जेवतं?"

नाना खाली बघू लागले. मग डॉक्टरनं कुसाबाईंना विचारलं, दम लागतो का. त्या म्हणाल्या, हंडा आणताना वाटेत थांबावं लागतं, पण ते वयामुळं. त्या थांबण्यावरून नाना रोज त्यांना कासव म्हणत. उपकेंद्रातली फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. पण ती सरकारी फरशी, जागची हलली नाही. डॉक्टरनं त्यांना मलम दिलं, कोमट पाण्यात बसायला सांगितलं, मिरची बंद केली. कुसाबाईंची अँब्युलन्स मात्र कायम ठेवली. आता तर कारण शोधायलाच हवं, म्हणाली.

अँब्युलन्सच्या पायरीशी योगेश पुढं आला. नानांनी मान खाली घातली आणि उशीची वाट पाहिली.

"नाना, आत कुशीवर लवंडा," तो हळूच म्हणाला. "रस्त्याला खड्डे हायेत. मी तसाच गेलतो."

तो हसला असता तरी चाललं असतं. हे फार जिव्हारी लागलं.

कळवणला नर्सनं कुसाबाईंना खाटेवर निजवलं, सुईसाठी हात पुढं घेतला आणि काय त्रास होतो ते विचारलं. कुसाबाई सवयीनं सुरू झाल्या, "बसताना लय आग—"

"माझं नको," नाना म्हणाले. "तुझं सांग."

कुसाबाई बावरल्या. नर्सकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं.

"मग तुमी जरा भाईर थांबा," त्या म्हणाल्या.

नाना मुकाट्यानं बाहेर गेले. पडदा ओढला गेला. आतून कुसाबाईंचा आवाज येऊ लागला, आधी अडखळत, मग सलग. आणि नाना ऐकत राहिले तरी तो थांबायचं नाव घेईना.