वळा म्हणेपर्यंत सरळ

परीक्षकांनी नवी गोळी सकाळी साडेनऊला घेतली आणि दहाच्या ठोक्याला ते ग्रंथपालबाईंच्या शेजारी गाडीत येऊन बसले. कमरेपासून टाचेपर्यंत तापलेली तार ओढावी तशी त्यांची नस तीन महिने ठणकत होती, आणि या तीन महिन्यांत त्यांना सलग दोन तास झोप म्हणून लागलेली नव्हती. डॉक्टरांनी गोळी देताना बजावले होते, "थोडी गुंगी येईल, गरगरेल, एखादा साधासा शब्दही आठवायचा नाही. घाबरायचं नाही. पण गाडी मात्र चालवू नका हं!" परीक्षकांना गाडी चालवायची नव्हतीच. त्यांना चालवणाऱ्याच्या शेजारी बसून त्याला नापास करायचे होते, आणि त्याविषयी डॉक्टर काही बोलले नव्हते.

बाईंची ही चौथी खेप. पहिल्या खेपेला त्या सांगण्याआधीच वळल्या म्हणून नापास झाल्या. दुसऱ्या खेपेला एका आजोबांना रस्ता ओलांडता यावा म्हणून न सांगता थांबल्या. तिसऱ्या खेपेला, पाय आखडून बसलेल्या परीक्षकांना "फार दुखतंय का हो?" असे विचारले, आणि परीक्षेच्या वेळी परीक्षकाशी बोलायचे नसते. हे सारे नियम परीक्षकांनीच बावीस वर्षांपूर्वी एका पत्रकात लिहून काढले होते. बाईंनी यंदा ते पत्रक कवितेसारखे पाठ केले होते, कारण आजचा दिवस शेवटचा होता. फिरत्या वाचनालयाचा चालक निवृत्त झाला होता, आणि संध्याकाळपर्यंत दुसरा परवानाधारक उभा राहिला नाही, तर पुस्तकांची ती गाडी मोडीत काढायचे समितीने ठरवले होते. अकरा गावांतली माणसे पुस्तकांची वाट पाहत बसणार होती.

"चला. सांगेपर्यंत सरळ," परीक्षक म्हणाले.

गाडी निघाली. काचेतून ऊन आले, इंजिनाची एकसुरी गुणगुण सुरू झाली, आणि परीक्षकांच्या पायातली ती तार कुणीतरी हळूच सैल सोडली. तीन महिन्यांची थकलेली झोप दबक्या पावलांनी आली आणि त्यांनी छातीशी धरलेल्या गुणांच्या तक्त्यावर डोके टेकून बसली.

पहिले वळण गेले, दुसरे गेले. बाईंनी तिरक्या नजरेने पाहिले. त्यांना हाक मारता येईना, कारण बोलायचे नव्हते. थांबता येईना, कारण कुणी थांबा म्हटले नव्हते. वळण्याचा तर प्रश्नच नव्हता. शिवाय त्या मिटल्या डोळ्यांच्या चेहऱ्यावर अशी काही निवांत कळा आली होती, की नियम नसता तरी बाईंनी त्यांना उठवले असते की नाही, कोण जाणे. शहर संपले. कारखाने संपले. बाई सरळ जात राहिल्या.

धक्का बसून परीक्षक जागे झाले तेव्हा समोर निळे, अथांग पाणी होते.

"हे... हे काय आहे?"

"समुद्र," बाई म्हणाल्या. "पुढे अडथळा असल्यास थांबावे. कलम नऊ."

परीक्षकांनी घड्याळ पाहिले, पाणी पाहिले, मग बाईंकडे पाहिले. "बाई, आपण साठ किलोमीटर आलो?"

"एकसष्ट. तुम्ही वळा म्हणाला नाहीत."

"अहो, पण मला उठवायचं तरी!"

"बोललं की नापास करता तुम्ही."

पत्रकाच्या बावीस वर्षांच्या इतिहासात ते अक्षरशः पाळणारा एक तरी उमेदवार निघावा, अशी परीक्षकांची फार इच्छा होती. ती अशी समुद्रकाठी पुरी होईल, असे मात्र त्यांना वाटले नव्हते. त्यांनी दार उघडून पाऊल टाकले, तोच क्षितिज डावीकडून उजवीकडे कलंडले. ते परत आत बसले. "तुम्हीच चालवा. मागे वळा. परीक्षा चालू आहे."

परतीची वाट ते डोळे ताणून, गालाला चिमटे काढत, एकेक गिअर मोजत जागले. बाई उत्तम चालवत होत्या. शहराच्या तोंडाशी गोल चौक आला. समोरचा रस्ता एकेरी होता, म्हणून इथून पहिलाच रस्ता घ्यायचा होता. परीक्षकांनी तोंड उघडले, आणि शब्द आलाच नाही.

"बाई, इकडे... त्या बाजूला घ्या हो... आपलं हे..." त्यांनी हात केला.

"खुणेवर वळू नये, कलम चार." बाईंनी चौकाला एक फेरी पूर्ण केली.

"अहो, ज्या हाताला घड्याळ बांधतात ना..."

"मी उजव्या हाताला बांधते, साहेब." दुसरी फेरी.

परीक्षकांना घाम फुटला. बालवाडीतल्या पोराला येणारा शब्द, आणि तो डोक्याच्या कुठल्या अडगळीत जाऊन बसला होता! चौथ्या फेरीला फळवाला हातातले काम टाकून पाहू लागला. सहाव्या फेरीला वाहतूक पोलीस मध्ये येऊन उभा राहिला.

"काय, भोवरा आहे काय? घ्या गाडी डावीकडे!"

"डावीकडे!" परीक्षक आनंदाने ओरडले. "हाच! हाच तो!"

पोलिसाने खिडकीतून डोके घातले. "कोण चालवतंय?"

"मी," बाई म्हणाल्या.

"लायसन्स?"

"तेच मिळवतेय."

"कधीपासून?"

"सकाळी दहापासून."

पोलिसाने घड्याळाकडे पाहिले. तीन वाजले होते. मग त्याचे लक्ष परीक्षकांच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे गेले. "आणि हे काका? घेतलीय वाटतं दिवसाढवळ्या!"

"घेतलीय," परीक्षक प्रामाणिकपणे म्हणाले. "साडेनऊला. एकच."

बाईंनी घाईघाईने त्यांच्या खिशातून डोकावणारे गोळ्यांचे पाकीट ओढून पोलिसाच्या हाती दिले. त्यातला घडीचा कागद त्याने उलगडला आणि ओठ हलवत वाचला. "गुंगी, चक्कर, विस्मरण... माझ्या मेव्हण्याला हीच चालू आहे. पण तो घरी बसतो." त्याने पाकीट परत केले. "जा. पण आता सरळ जा."

"नको!" दोघे एकदम म्हणाले.

कार्यालयात वरिष्ठ दारातच उभे होते. परीक्षक टेबलाशी बसले आणि अर्ज भरू लागले. बाई समोर उभ्या होत्या. घड्याळाचा काटा समितीच्या वेळेकडे सरकत होता. 'परीक्षकाने प्रत्यक्ष पाहिलेले' या रकान्यापाशी पेन थांबले. मग त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिले : 'फक्त परतीचा प्रवास. जाताना परीक्षक झोपले होते. उमेदवाराची चूक एकही नाही. चौकातल्या सहा फेऱ्या परीक्षकाच्या. उत्तीर्ण.'

वरिष्ठांनी वाचले. "अहो, हे झोपेचं लिहायलाच हवं होतं का?"

"पाहिलं नाही ते पाहिलं कसं म्हणू?"

"मग गोळ्या संपेपर्यंत गाडीत बसायचं नाही. तुम्ही टेबलावर."

"बरं," परीक्षक म्हणाले, आणि त्यांनी शिक्का मारला. बाईंनी परवाना दोन्ही हातांनी घेतला, तिथूनच समितीला फोन लावला, आणि परवान्याचा क्रमांक दोनदा वाचून दाखवला.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, गरगरतंय अजून. चला, घरी सोडते तुम्हाला."

परीक्षक पुन्हा त्याच जागी बसले. हातात तक्ता नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. पाय दुखत नव्हता. फाटकापाशी बाईंनी विचारले, "कुठून वळू?"

परीक्षकांनी नेमका शब्द शोधला. यावेळी तो लगेच सापडला. पण जिभेवर आलेला शब्द त्यांनी गिळला.

"तुम्हाला वाटेल तिथून," ते म्हणाले.

बाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिले, आणि त्यांची गाडी दिवसभरात पहिल्यांदाच, गचका खाऊन, जागच्या जागी बंद पडली.