कावेरी, कपिला आणि मोहितेमामांचं इंजिन

मोहितेमामा रोज सकाळी दारात इंजिनाची रांगोळी काढायचे. हे वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, तर माझं काय झालं असेल याचा विचार करा. मी शेजारीच राहते, मधे फक्त कमरेएवढी भिंत. पहिल्या दिवशी दूध घ्यायला दार उघडलं, तर त्यांच्या अंगणात शारदामामींच्या नेहमीच्या कमळाच्या जागी पांढऱ्या-लाल रेघांची आतडी पसरलेली आणि मधोमध बनियनवर उकिडवे बसलेले मामा. कुणी करणी केली की काय, या भीतीने माझ्या हातून दुधाची पिशवीच पडली.

"अय्यो, घाबरतेस काय लता? नोड, बघ, ही जाड नळी, ही कावेरी. ह्या बारीक सगळ्या तिला मिळणाऱ्या कपिला. गोत्तायता?"

मला ओ की ठो कळलं नव्हतं, आणि चुकून मी तसं म्हणाले. मग मामा माझ्या दुधाच्या थारोळ्यात उभे राहून पाऊण तास समजावत राहिले.

मामा सर्व्हे खात्यात नकाशे काढता काढता निवृत्त झाले. चामराजपुरमच्या आमच्या गल्लीतले बाकीचे निवृत्त लोक सकाळी फिरतात, देवळात बसतात, सुनांच्या नावाने बोटं मोडतात. मामांनी मात्र आपल्या जुन्या गाडीचं इंजिन बदलायला काढलं, तेही पोर्चमध्ये. भंगारातून त्याच कंपनीच्या नव्या गाडीचं इंजिन आलं. मेकॅनिक ते बसवून गेला, पण नळ्यांना हात लावायची त्याला सक्त मनाई होती.

नळ्यांसाठीच तर सगळा खटाटोप होता. इंजिनाच्या पोटात धूर साठतो. जुन्या इंजिनाचा धूर फुटक्या नळीतून बाहेर पडायचा आणि फिरून गाडीत शिरायचा. मामींना दमा. सोसले गावाहून परत येताना एकदा त्या गाडीत अशा गुदमरल्या की तडक दवाखाना गाठावा लागला. तेव्हापासून त्यांनी गाडीत पाऊल ठेवलं नाही. टॅक्सीतल्या सुगंधी डबीने त्यांना ठसका लागतो, बसचं तर नावच नको. आणि तिकडे सोसलेला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. शारदाला एकदा बघू दे, असा तिचा फोन आला की मामी आत जाऊन बसायच्या.

नव्या इंजिनात हा धूर कावेरीतून इंजिनाच्याच श्वासात परत जातो आणि जळून जातो. "संगम नीट झाला की ती गाडीत बसेल," मामा म्हणायचे. "अष्टे, एवढंच!"

कावेरीच्या वाटेवर एक व्हॉल्व्ह असतो, वारा एकाच बाजूने सोडणारा. तो चालतो की नाही हे मामा तोंडाने ओढून बघायचे. काळ्या तेलाने माखलेला व्हॉल्व्ह! मी कॉफी घेऊन गेले, तर त्यांनी तो माझ्यादेखत तोंडातून काढला आणि त्याच ओठांना कॉफी लावली. तो पेला मी परत आणलाच नाही.

इतकं ओढून-फुंकून व्हॉल्व्ह शेवटी उलटाच बसला. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दुपारी मी भिंतीवर सांडगे वाळत घातले होते. 'फट्' असा आवाज झाला, तेल मोजायची लांब सळी इंजिनातून उडून भिंतीवर आदळली, आणि मागोमाग आलेल्या काळ्या तेलात माझे वर्षाचे सांडगे न्हाऊन निघाले. मामा धावत आले. मला वाटलं, माफी मागायला.

"श्वास कोंडला होता, लता! व्हॉल्व्ह उलटा!" म्हणत ते चक्क नाचले. मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला.

पण खरा धक्का पुढेच होता. रविवारी दुपारी पुऱ्यांची कणीक मळताना खिडकीतून बघते, तर गाडी फाटकाबाहेर उभी, इंजिन चालू, सगळ्या काचा बंद, आणि मागच्या सीटवर मामा, डोळे मिटून, अंग चोरून, एका बाजूला कललेले. नको नको ते मनात आलं. होते तशी नाइटीवर, पिठाच्या हातांनी धावले आणि दार ओढून किंचाळले, "मामा! हे काय करताय?"

त्यांनी एक डोळा उघडला. "स्वल्प थांब गे. सोसलेला तास लागतो, तासभर बसून बघायला पाहिजे. ती इथेच बसते, डावीकडे. ठेंगणी आहे, म्हणून वाकून बसलो."

"मग? येतोय का वास?"

मामांनी दुसराही डोळा उघडला. "मला वास येतच नाही," ते म्हणाले. "त्या साथीच्या तापानंतर गेला, तो गेलाच. त्या दिवशी ती मागून सांगत होती, वास येतोय हो, गाडी थांबवा. मी म्हणालो, मला कुठे येतोय? आणि चालवत राहिलो."

पिठाचे हात मी नाइटीला पुसले.

"तू बस," ते म्हणाले. "खरं काय ते सांग."

मामा उतरले आणि मी आत बसले. मामांनी दार लावलं आणि काचेला कपाळ टेकून माझा चेहरा निरखत उभे राहिले. आत नव्या रबराचा वास होता, बाकी काही नाही. तसं मी सांगितलं, तोवर शारदामामी पर्स घेऊन फाटकातून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सरक, ती माझी जागा," त्या मला म्हणाल्या, आणि मामांना, "चला."

मामा पुढे बसले, पण गाडी हलेना. आरशात बघत म्हणाले, "वास आला तर सांग. मला येतो की नाही ते ह्या वेळी बोलणार नाही. थांबवीन."

"सरी, बरं. चला आता."

मी नाइटीवर आहे हो, असं मी ओरडले, पण माझं कोण ऐकतंय? अशा अवतारात मी सोसलेला निघाले. दर वळणावर पुढून "वास?" आणि मागून "नाही." वरुणा गाव मागे पडलं, उसाचे मळे लागले. मामांनी विचारलं, "वास?"

उत्तर आलं नाही.

गाडी कडेला थांबली. मामा धडपडत उतरले, मागचं दार उघडलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मामींची मान माझ्या खांद्यावर होती, तोंड किंचित उघडं, श्वास अगदी संथ.

"झोपल्यात हो मामा," मी हळूच म्हणाले. "गाढ झोपल्यात."

तरी मामांनी वाकून त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग आवाज न करता दार लोटलं, उसाकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांची पाठ हलू लागली. उतरून त्यांच्याजवळ जावं असं फार वाटलं, पण मी हलले नाही. मामींची झोप मोडली असती.