दादासाहेबांची गाडी डबल स्टँडावर चढली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. जें जें वाहन दोन चाकांवर चालतें त्याचा तोल राखणारा जो कोणी असेल तोही प्रसन्न. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवशीं एका राज्यांत जें वर्तमान घडलें तें यथामति लिहिलें आहे. राज्याचें नांव लिहिलें नाहीं, कारण तेथील माणसें हयात आहेत आणि त्यांस राग लौकर येतो.

ऐसियास त्या राज्यांत चाल अशी कीं, खंडेनवमीस सर्वांचीं वाहनें देवीचे पटांगणांत पूजेस येत आणि वाहन सरळ उभें पाहिजे, कललेल्या वाहनास कुंकू लागत नसे. साइड स्टँडावर टेकलेली गाडी म्हणजे दरबारांत भिंतीस टेकलेला माणूस, असें उपाध्ये नारोपंत म्हणत. म्हणून गाडी मधल्या दोन पायांचे स्टँडावर, ज्यास रयत डबल स्टँड म्हणते, घ्यावी, आणि घराण्याचे माणसानें एकट्यानें घ्यावी, आणि ज्या हातानें गाडी उभी केली त्याच हातानें कुंकू लावावें, असा दंडक होता. पहिल्या पूजेचा मान हैबतरावांचे घराण्याकडे. त्यांचे वडील बंधू दादासाहेब यांची मोटारसायकल काळी, जुनी आणि वजनास म्हशीसारखी, आणि दादासाहेब स्वतः काडीपहिलवान. तरी दरसाल ते सोगा खोंचीत, पाय ठेवीत आणि गाडी आपली निमूट वर चढे. लोक म्हणत, मनगटांत काय बळ आहे. मग चैत्रांत दादासाहेब कैलासवासी जाहले आणि गाडी आणि मान दोन्ही हैबतरावांकडे आलीं.

हैबतराव तालमीचे, मान खांद्यांत बुडालेली असें शरीर, त्यांस वाटलें दादांनीं केलें तें आपण सहज करूं. परंतु आंतून भय होतें कीं, या सालीं मान गेला तर लोक म्हणतील, दादासाहेब गेले आणि घर बसलें. दादांवर त्यांचा फार जीव होता. हें ते कोणास बोलले नाहींत, मिशीवर हात फिरवून "पाहूं" इतकेंच म्हणाले. मग अष्टमीस अंगणांत तालीम मांडली आणि मागें उभे राहून गाडीचें चाक हातभर उचललें, खरोखर उचललें, आणि मग ध्यानांत आलें कीं स्टँड अजून पोटाशीं दुमडलेला आहे आणि तो दाबावयास तिसरा पाय देवानें दिलेला नाहीं. मग आखाड्यांतून चार मल्ल बोलाविले आणि चौघांनीं गाडी पालखीसारखी उचलली आणि तशीच धरून उभे राहिले. "सरकार, आतां पुढें?" एकानें विचारलें. पुढचा विचार कोणी केला नव्हता. मग गाडी खालीं ठेवली आणि हैबतराव वर बसून बसल्या जागीं तीस उचलूं लागले, तों ती पलीकडे कलली आणि खाशांसह मोगर्‍याचे आळ्यांत निजली.

हें सर्व दादासाहेबांच्या पत्नी वेणूबाई स्वयंपाकघराचे खिडकींतून पाहत होत्या. चैत्रापासून त्या ओसरीपुढें आल्या नव्हत्या. कोणी मना केलें नव्हतें, आणि कोणी या असेंही म्हटलें नव्हतें. "भावजी, गाडीशीं कुस्ती खेळतां काय?" त्या म्हणाल्या. "वहिनी, वजन पाहिलें काय तिचें? दादांचे हाताला बळ होतें," हैबतराव मोगरा झटकीत म्हणाले. "मी इतकीं वर्षें मागें बसलें. आधी मी उतरायचें, मग ते स्टँड लावायचे. ते उचलीत नव्हते हो, ते स्टँडावर उभे राहत." उभे राहत म्हणजे काय, हें विचारावयास मिशी आड आली.

मग नवमी उजाडली आणि पटांगण भरलें आणि हैबतरावांनीं देवीचें नांव घेऊन गाडी ओढली. कपाळाच्या शिरा वर आल्या, गाडी नाहीं आली. दुसर्‍यांदा ओढली ती नारोपंतांकडे झुकली आणि नारोपंत मंत्र अर्धा टाकून जोत्यावर चढले. शेजारचे त्रिंबकजी फणसे, ज्यांची स्कूटर अंगठ्यानें उभी राही, ते पान चघळीत म्हणाले, "हैबतराव, जड होतें का? मान आम्ही घेऊं." हैबतरावांचे डोळ्यांत पाणी आलें, तें घाम म्हणून पुसलें आणि ते तडक घरीं गेले आणि स्वयंपाकघराचे दारांत उभे राहिले. "वहिनी, चला. माझ्यानें होत नाहीं." "मी? तिथें?" "दादांची गाडी आहे. तुमचीही आहे." मग वेणूबाईंनीं हात पुसले आणि दादासाहेबांच्या जाड वहाणा पायांत घातल्या, कारण अनवाणी पायानें लोखंड दाबूं नये, आणि निघाल्या.

पटांगणांत पोंचतांच वेणूबाईंनीं प्रथम जमीन पाहिली आणि म्हणाल्या, "इथें उतार आहे. सपाटीला घ्या." गाडी सपाटीस आली, मग त्या तिचे डाव्या अंगास उभ्या राहिल्या आणि डावा हात हँडलावर ठेवून तें सरळ केलें आणि उजवा हात सीटमागचे दांडीस धरला आणि गाडी उभी तोलून उजव्या पायानें स्टँड खालीं दाबला आणि गाडी किंचित हालविली. "ऐका, दोन्ही पाय टेकले. एकच टेकला तर ती पडते." मग जिना चढावा तशा त्या पायावर सगळें अंग घालून उभ्या राहिल्या, हातानें फक्त वाट दाखविली, आणि गाडी वीतभर मागें सरून खट् करून वर बसली. तेव्हां उभे राहत म्हणजे काय हें हैबतरावांस समजलें.

"आतां उतरवतें, तुम्ही चढवा," त्या हळूच म्हणाल्या, कारण कुंकवाचा दंडक त्यांस ठाऊक होता, आणि हात पदराखालीं घेतला. हैबतरावांस आतां तें जमलें असतें, मानही राहिला असता, कोणी कांहीं बोललें नसतें. परंतु ते म्हणाले, "नको. उभी आहे ती राहूं दे." आणि कुंकवाचें तबक त्यांनीं वहिनींपुढें धरलें. नारोपंत खाकरले, "परंतु बाई तर..." "दंडक तुमचाच, पंत," हैबतराव म्हणाले, "घराण्याचें माणूस, एकटें, स्वहस्तें. यांत काय उणें तें सांगा." पंतांनीं उणें शोधलें, सांपडलें नाहीं, मग त्यांनीं अर्धा राहिलेला मंत्र उचलला. वेणूबाईंनीं पदराखालचा हात काढला आणि गाडीचे दिव्यावर कुंकू नीट लाविलें. इतक्यांत त्रिंबकजींनीं मोकळ्या जाहलेल्या उताराचे जागेवर घाईनें उभी केलेली स्कूटर आपण होऊन स्टँडावरून उतरली आणि देवीचे पायरीस जाऊन दंडवत पडली.

मग गाडी उतरविण्याचें काम हैबतरावांकडे आलें. "आधी साइड स्टँड काढा. आधी. ते एकदां विसरले होते, माझा गुडघा अजून दुखतो." हैबतरावांनीं आधी तो काढला, मग डावीकडून गाडी पुढें लोटली, उतरतांच आपल्याकडे झुकवून टेकविली, आणि मग वर बसले. वहिनी मागें बसल्या. घरीं पोंचतांच आधी त्या उतरल्या आणि ओसरीवर उभ्या राहून पाहूं लागल्या, आणि हैबतराव स्टँडावर उभे राहिले.

एवंच, जड वाहन हातानें उचलूं नये, पायानें चढवावें, आणि घरांत ज्यास ठाऊक आहे त्यास वेळींच बाहेर बोलवावें. हैबतरावांस हें एकच दिवस उशिरां कळलें, म्हणून मान राहिला आणि मोगरा गेला. लिहिणाराची चूक असल्यास तीही सरळ उभी करून घ्यावी.